लोहाराला अणू ठाऊक नव्हता

नागपूरजवळ काटोल रस्त्याच्या बाजूला माहूरझरी नावाचे गाव आहे. त्याच्या परिसरात मोठमोठ्या दगडांची वर्तुळे दिसतात. ही अडीच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची दफनस्थाने. डॉ. शां. भा. देव यांनी १९७० नंतर तेथे उत्खनन केले, तेव्हा लोखंडाची हत्यारेही निघाली. माहूरझरीला सापडलेली एक छिन्नी पुढे धातुशास्त्रज्ञांनी तपासली. २०१० साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की ती पोलादाची आहे. आणि पेंच नदीकाठच्या नायकुंडला तर लोखंड गाळण्याची त्या काळची भट्टीच सापडली.

हे वाचून कोणी छाती फुगवून म्हणतो, "पाहा, आपल्या पूर्वजांना अणुविज्ञान अवगत होते!" दुसरा नाक मुरडतो, "छे, अडाणी लोक ते. जमून गेले असेल." मला दोन्ही मते चुकीची वाटतात. का, ते सांगतो.

भट्टीतून निघालेले शुद्ध लोखंड मऊ असते. त्याच्या विळ्याची धार चटकन बोथट होते. परंतु तेच लोखंड लाल-नारिंगी होईपर्यंत तापवून लोणारी कोळशात बराच वेळ ठेवले, तर कोळशातील कार्बनचे अणू त्यात शिरतात. होय, घन लोखंडात! तुमच्या पुस्तकात विसरण शिकवताना अत्तराचा वास नाही तर पाण्यातले पोटॅशियम परमँगनेट यांचीच उदाहरणे असतात, म्हणून घन पदार्थात विसरण होतच नाही असा पुष्कळांचा समज होतो. लोखंडाच्या अणूंच्या रचनेत पोकळ्या असतात. कार्बनचा अणू लहान असल्यामुळे एका पोकळीतून शेजारच्या पोकळीत उडी मारतो. उडीला दिशा नसते. पुढे जाईल, मागेही येईल. त्यामुळे त्याची प्रगती मोठी मजेशीर असते. सुमारे ९२५ अंश सेल्सिअसला तासाभरात कार्बन अर्ध्या मिलिमीटरहून थोडा अधिक खोल जातो. दोन तासांत दुप्पट? मुळीच नाही. दुप्पट खोलीसाठी चार तास लागतात आणि तिप्पट खोलीसाठी नऊ!

हा नियम अडॉल्फ फिक यांनी १८५५ मध्ये मांडलेल्या समीकरणांतून निघतो. घन धातूतील विसरण रॉबर्ट्स-ऑस्टेन यांनी शिशात सोने शिरताना मोजले, ते १८९६ मध्ये. म्हणजे 'का' हे कळायला छिन्नी घडल्यावर दोन हजारांहून अधिक वर्षे लागली. लोहाराला अणू ठाऊक नव्हता, हे मान्य करण्यात कसला कमीपणा?

पण त्याला काय ठाऊक होते तेही पाहा. तापमापक नाही, घड्याळ नाही. आचेचा रंग, भात्याची लय, ऐरणीवरचा आवाज, पाणी दिल्यावर धार टिकते की तुटते, एवढ्यावरून त्याने न दिसणाऱ्या गोष्टीला वळण लावले. आणि मुलाला शिकवले. 'जमून गेले' असे एकदा होईल, पिढ्यान्‌पिढ्या नाही.

आता मेंदूकडे वळू. आफ्रिकेतील ऑस्ट्रेलोपिथेकसचा मेंदू सुमारे ४५० घन सेंटिमीटरचा. नर्मदाकाठी हाथनोरा येथे १९८२ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना मानवी कवटीचा भाग सापडला. तिच्या धारणक्षमतेचे अंदाज ११५५ ते १४२१ घन सेंटिमीटर असे आहेत. आपली सरासरी १३५० च्या आसपास. माहूरझरीच्या लोहाराचीही तितकीच असणार! अडीच हजार वर्षे म्हणजे उत्क्रांतीच्या हिशेबात काल-परवाची गोष्ट. तेव्हा तुम्ही त्याच्यापेक्षा हुशार आहात म्हणून तुम्हांला विसरणाचा नियम कळतो, असे मुळीच नाही. तुमच्या हाती पुस्तक आहे, त्याच्या हाती नव्हते, इतकाच फरक.

जाता जाता एक गंमत. हे फिक धातुशास्त्रज्ञ नव्हते, शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. त्यांचा नियम डोक्यातही चालतो. दोन चेतापेशींमधली फट सुमारे २० नॅनोमीटरची. रासायनिक निरोप ती विसरणाने सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी वेळात ओलांडतो. तोच निरोप एक मिलिमीटर न्यायचा तर विसरणाला पाव तास लागेल! म्हणून लांबच्या निरोपासाठी पेशी विद्युत्-स्पंद वापरते.

शिक्षकांना एक विनंती. विसरणाचा धडा या वर्षी लोहाराच्या भट्टीपाशी घ्या. विळ्याला पाणी देण्यापूर्वी तो कोणत्या रंगाची वाट पाहतो, हे मुलांना त्यालाच विचारू द्या, आणि त्याचे उत्तर त्याच्याच शब्दांत वहीत उतरवून घ्या.