बेसबॉल यावा, पण युनियनसकट

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलने २०१९ साली दिल्लीत आपले कार्यालय थाटले. दुबईत २०२३ साली पहिले सामने भरविणाऱ्या 'बेसबॉल युनायटेड' या व्यावसायिक लीगने आपल्या एका संघाला 'मुंबई कोब्राज' असे नाव दिले. क्रिकेटने झपाटलेल्या या देशात दुसऱ्या चेंडूफळीची बाजारपेठ उभी करण्याचा हा उद्योग आहे. पिंपरी-चिंचवड, चाकण, तळेगाव या पट्ट्याला तो परका राहील असे समजण्याचे कारण नाही. तळेगावात आज ह्युंदाईचा कारखाना आहे, रांजणगावात एलजीचा. दक्षिण कोरियाच्या बेसबॉलमध्ये 'एलजी ट्विन्स' हा संघ खेळतो आणि 'किया टायगर्स' हा संघ ह्युंदाई समूहातील कंपनीचा आहे. उद्या एखाद्या कारखान्याच्या आवारात कंपनीच्या खर्चाने बेसबॉलचा संघ उभा राहिला तर नवल वाटू नये. प्रश्न इतकाच, की त्या वेळी कामगार चळवळ काय करणार?

दोन उत्तरे तयार आहेत आणि दोन्ही चुकीची आहेत.

पहिले उत्तर संस्कृतिरक्षकांचे: क्रिकेट आपले, बेसबॉल परके. क्रिकेट काय सह्याद्रीच्या कुशीत जन्मले? ते गोऱ्या साहेबाच्या जिमखान्यातून आले. पुण्याच्या त्या जिमखान्यात पळवणकर बाळू हा चर्मकार समाजातील तरुण मैदानाची निगा राखीत असे आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकीत असे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात तो भारतीय संघाचा सर्वश्रेष्ठ गोलंदाज ठरला. तरी हिंदू संघाचे नेतृत्व त्याच्या वाट्याला येऊ दिले गेले नाही. त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल १९२३ साली कर्णधार झाला, तोही संघर्षानंतर. म्हणजे खेळ 'आपला' झाला तो त्याच्या जन्मस्थानामुळे नव्हे. नाकारलेल्यांनी त्यावर हक्क सांगितला म्हणून. अमेरिकेत हेच घडले. काळ्या खेळाडूंना गोऱ्यांच्या लीगचे दार बंद होते, ते १९४७ साली जॅकी रॉबिन्सनने उघडले.

दुसरे उत्तर चळवळीतल्याच काही कर्मठांचे: खेळ म्हणजे अफू, कामगाराचे लक्ष विचलित करण्याचे साधन. याला कोरियाचाच आधार देता येईल. १९८० साली ग्वांगजू शहरातील लोकशाहीवादी उठाव लष्कराने रक्तात बुडविला आणि १९८२ साली हुकूमशहा चुन दू-ह्वान याने स्वहस्ते पहिला चेंडू टाकून व्यावसायिक बेसबॉल लीगचे उद्घाटन केले. लोकांनी रक्त विसरून धावा मोजाव्यात, हा हिशेब उघड होता. पण पुढे काय झाले? ग्वांगजूच्या जनतेने आपल्या शहराच्या 'हैताई टायगर्स' संघाला आपल्या अपमानाचा आवाज बनविले. सभा-मोर्चांवर बंदी असताना प्रेक्षागारात एकत्र येणे हेच तिचे व्यासपीठ झाले. तोच संघ आज 'किया टायगर्स' म्हणून ओळखला जातो. सत्ताधाऱ्याने पेरलेला खेळ सत्ताधाऱ्याचाच राहील, असा नियम नाही. तो कोणाच्या हाती जातो हे संघटनेवर ठरते.

म्हणून बेसबॉलचे विक्रेते जो इतिहास सांगणार नाहीत, तो कार्यकर्त्यांनी सांगितला पाहिजे. अमेरिकन मालकांनी करारातील एका कलमाने खेळाडूला वर्षानुवर्षे एकाच संघाला जखडून ठेवले होते. १९६६ साली पोलाद कामगारांच्या युनियनमधील अर्थतज्ज्ञ मार्व्हिन मिलर खेळाडूंच्या संघटनेचा प्रमुख झाला. त्या वेळी किमान वार्षिक वेतन ६ हजार डॉलर होते. १९६८ च्या पहिल्या सामूहिक कराराने ते १० हजारांवर नेले. १९७२ साली संप झाला. १९७५ साली लवादाच्या निर्णयाने ते गुलामीचे कलम मोडले. १९९४ च्या संपात त्या वर्षीची अंतिम मालिकाच रद्द करावी लागली. २०१८ साली अमेरिकी काँग्रेसने कनिष्ठ लीगच्या खेळाडूंना किमान वेतन कायद्याच्या संरक्षणातून वगळले. चार वर्षांत त्या खेळाडूंनीही संघटना केली. याउलट भारतात २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे आयपीएलचे प्रसारणहक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले, खेळाडूंचा जाहीर लिलाव होतो, पण सक्रिय खेळाडूंची मान्यताप्राप्त युनियन नाही. २०१९ साली मान्यता मिळाली ती निवृत्तांच्या संघटनेला. तेव्हा अमेरिकेकडून काही आणायचेच असेल, तर फळीआधी युनियन आणावी.

आणि चेंडू कोण शिवतो? मेजर लीगचा प्रत्येक चेंडू आजही हाताने शिवला जातो. त्याला १०८ दुहेरी टाके असतात. हे चेंडू बनविणारी रॉलिंग्ज कंपनी पूर्वी ते हैतीत शिवून घेत असे. १९८६ साली तेथील दुव्हालिए हुकूमशाही कोसळली आणि पुढच्या काही वर्षांत अस्थिरतेचे कारण दाखवून कंपनीने काम कोस्टा रिकाला हलविले. हुकूमशाहीत स्थैर्य पाहणारे भांडवल लोकशाहीच्या चाहुलीने अस्वस्थ झाले! तळेगावच्या कामगाराला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. डिसेंबर २०२० मध्ये जनरल मोटर्सने तेथील उत्पादन थांबविले, कामगारांना न्यायालयाची पायरी चढावी लागली, आणि २०२३ साली कारखाना ह्युंदाईला विकण्याचा करार झाला.

स्वप्नविक्रीपासूनही सावध राहिले पाहिजे. २००८ साली एका दूरचित्रवाणी स्पर्धेतून उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंना पिट्सबर्ग पायरेट्सने करारबद्ध केले. २०१४ साली त्यावर हॉलिवूडने चित्रपट काढला. दोघांपैकी एकही मेजर लीगमध्ये खेळू शकला नाही. लाखोंच्या हाती जिद्दीची गोष्ट आणि मूठभरांच्या हाती तिचे उत्पन्न, हा जुनाच व्यवहार आहे.

परंतु खेळाचे स्वतःचे गुण नाकारण्याचे कारण नाही. टेनिस चेंडूच्या सहा-आठ षटकांच्या सामन्यात आठव्या-नवव्या क्रमांकाच्या पोराच्या वाट्याला बहुधा गटारातून चेंडू काढून आणणेच येते. बेसबॉलच्या नऊ डावांत नऊही जणांना आळीपाळीने फळी मिळते. हा नियम श्रमिकांना जवळचा वाटावा असा आहे. राज्याच्या शालेय स्पर्धांत बेसबॉल आणि सॉफ्टबॉल आहेतच. मुलींना येथे क्रिकेटच्या मक्तेदारीबाहेरची जागा मिळू शकते. अडचण हातमोज्यांच्या खर्चाची आहे आणि त्याहून मोठी अडचण जागेची आणि वेळेची.

खरा लढा तेथेच आहे. गहुंजे येथे २०१२ साली भव्य क्रिकेट स्टेडियम उभे राहिले. पण चाकणच्या खोल्यांत पाळीपाळीने झोपणाऱ्या कंत्राटी कामगाराला त्याच्या वस्तीत मैदान कुठे आहे? १९६२ साली स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळाने शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन कारखान्यांना भूखंड दिले. कामगारांच्या क्रीडांगणांचा हिशेबही त्याच महामंडळाकडे मागितला पाहिजे. आणि मैदान मिळाले तरी तेथे उतरायचे केव्हा? १० जून १८९० रोजी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्याने मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळाली. त्या रविवारावरच पुढे या प्रांतातील कामगारांचा खेळ उभा राहिला. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातील कामाच्या दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. बारा तास राबून, कंपनीच्या बसमध्ये पेंगत परतणारा माणूस ना क्रिकेट खेळेल ना बेसबॉल. तो फक्त मोबाईलवर दुसऱ्याचा खेळ पाहील, आणि जाहिरातदाराला तोच हवा आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी बेसबॉलला विरोध करू नये आणि त्याच्या स्वागताच्या कमानीही उभारू नयेत. युनियनच्या मागणीपत्रात मैदान, साप्ताहिक सुट्टी आणि आठ तासांचा दिवस ही तीन कलमे एकत्र घालावीत. कंपनीने संघ काढला तर त्यात कायम कामगाराबरोबर कंत्राटी कामगार आणि शिकाऊ उमेदवार यांना समान जागा मागावी, आणि संघाचा कारभार कामगारांनी निवडलेल्या समितीकडे घ्यावा. महापालिकेच्या मैदानांवर मुलींसाठी राखीव वेळ मागावी. एवढे मिळविले, तर तेथे क्रिकेट रंगते की बेसबॉल, हे कामगारांची पोरे ठरवतील. हे मिळविले नाही, तर चेंडू कोणताही असो, तो मालकाच्याच अंगणात पडेल.