मुक्काम पोस्ट टँजियर

तीर्थयात्रेला निघालेले कुटुंब आधी धर्मशाळेची चौकशी करते. खोली तळमजल्यावर मिळेल का, पहाटे गरम पाणी असते का, भोजनशाळेत सायंकाळचे जेवण किती वाजता वाढतात, हे प्रश्न घरून निघण्यापूर्वीच विचारले जातात आणि ते विचारण्यात कोणालाही संकोच वाटत नाही. परदेशाच्या सहलीला निघताना मात्र हीच शहाणी सवय पुष्कळदा मागे राहते. मुक्कामाची जागा मोबाइलवरील छायाचित्रे पाहून ठरते. छायाचित्रात निळा समुद्र दिसतो, रंगीत फरशा दिसतात, गच्चीवर मांडलेला चहा दिसतो. तिथवर नेणारा जिना दिसत नाही.

मोरोक्कोच्या उत्तर टोकावरील टँजियर या शहरात तो जिना फार महत्त्वाचा ठरतो. अरबी भाषेत या शहराला ‘तंजा’ म्हणतात. युरोप आणि आफ्रिका यांना विभागणारी जिब्राल्टरची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद ठिकाणी अवघी 14 किलोमीटर रुंद आहे आणि हवा स्वच्छ असली की टँजियरहून स्पेनचा किनारा नुसत्या डोळ्यांनी दिसतो. त्यामुळे स्पेन पाहायला गेलेल्या कुटुंबालाही दोन दिवस पलीकडे जाऊन येण्याचा मोह होतो. अशा वेळी दोन गोष्टी आधी पाहाव्यात. भारतीय प्रवाशाला मोरोक्कोचा व्हिसा वेगळा काढावा लागतो आणि परत स्पेनमध्ये यायचे असेल, तर युरोपचा व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा असावा लागतो.

या शहराचे मराठी मुलखाशी एक जुने नाते आहे. जगप्रसिद्ध प्रवासी इब्न बतूता याचा जन्म 1304 साली टँजियरमध्ये झाला. वयाच्या एकविसाव्या वर्षी, 1325 मध्ये, तो हजयात्रेसाठी घराबाहेर पडला आणि जवळजवळ तीस वर्षे फिरत राहिला. दिल्लीत मुहंमद तुघलकाच्या पदरी काही वर्षे काझी म्हणून राहिल्यावर तो दक्षिणेकडे निघाला आणि दौलताबादहून नंदुरबारला आला. तेथील मराठ्यांविषयी त्याने लिहून ठेवलेला मजकूर आजही वाचण्याजोगा आहे. हे लोक कलाकौशल्यात निपुण आहेत, त्यांच्यात वैद्य आणि ज्योतिषी आहेत, त्यांच्यातील प्रतिष्ठित लोक भात, भाज्या आणि तिळाचे तेल यांवर राहतात, प्राण्यांना पीडा देणे वा मारणे त्यांना मान्य नाही, जेवणापूर्वी ते स्नान करतात, अशा आशयाची ती नोंद आहे. परक्या मुलखातील माणसे काय खातात आणि काय वर्ज्य मानतात, हे या प्रवाशाने आदराने टिपले. त्याच्या गावी जाणाऱ्या शाकाहारी कुटुंबानेही आपली पथ्ये संकोच न करता सांगावीत आणि यजमानांच्या रीती तितक्याच आदराने समजून घ्याव्यात.

आजी, मुलगा, सून आणि दोन नातवंडे असे पाच जणांचे कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. आजींचे गुडघे दुखतात आणि त्या सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. नातवंडांना जुन्या गल्ल्यांतले घर हवे आहे, सुनेला समुद्र हवा आहे, मुलाला खर्चाचा अंदाज हवा आहे. आजी म्हणतात, “माझं काय, मी कुठंही राहीन.” घरातील वडील माणसाचे हे वाक्य शब्दशः घेतले, की प्रवास बिघडतो. दुसऱ्या दिवशी सगळे फिरायला जातात आणि आजी खोलीत बसून राहतात. इतका खर्च करून, समुद्र ओलांडून नेलेल्या माणसाच्या वाट्याला फक्त चार भिंती येतात. म्हणून निवड कोणत्या मोहल्ल्याची, हा प्रश्न पुष्कळसा आजींचाच आहे.

पहिला पर्याय जुन्या शहराचा. तटबंदीच्या आतील या भागाला मदीना म्हणतात आणि त्याच्या माथ्यावर कसबा, म्हणजे किल्ल्याचा भाग आहे. येथील जुन्या घरांतून आता प्रवाशांची सोय केली जाते. अशा घराला ‘दार’ किंवा ‘रियाद’ म्हणतात. मराठी माणसाला दार म्हटले की कवाड आठवते. अरबीत दार म्हणजे घर. मध्ये चौक, भोवती खोल्या, अशी ही रचना आपल्या चौसोपी वाड्याची आठवण करून देते. ज्या घराच्या चौकात बाग असते, ते खरे रियाद. टँजियरची मदीना टेकडीच्या उतारावर वसलेली असल्याने तेथील पुष्कळ घरे अरुंद आणि उंच आहेत. प्रत्येक मजल्यावर एकदोन खोल्या, मध्ये चढा जिना आणि सर्वांत वर गच्ची. नातवंडांना हे घर फार आवडेल. मात्र मोटार गल्लीत शिरत नाही, सामान वाहून न्यावे लागते, खिडक्या पुष्कळदा चौकातच उघडतात आणि चौकातले बोलणे वरच्या खोलीपर्यंत ऐकू येते. पहाटेची अजान जवळच्या मशिदीतून येते. ज्यांना लवकर उठण्याची सवय आहे, त्यांना तिचा त्रास होणार नाही, इतरांनी ती गृहीत धरावी.

दुसरा पर्याय तटबंदीबाहेरच्या नव्या शहराचा. 1923 च्या करारानंतर टँजियर हा अनेक राष्ट्रांच्या देखरेखीखालील आंतरराष्ट्रीय प्रदेश झाला आणि 1956 मध्ये तो स्वतंत्र मोरोक्कोत सामील झाला. त्या काळाची छाप असलेला पाश्चर मार्ग आणि फ्रान्स चौक यांच्या आसपास लहानमोठी हॉटेले आणि स्वयंपाकघरासह भाड्याने मिळणाऱ्या सदनिका आहेत. टॅक्सी दारापर्यंत येते आणि पुष्कळ इमारतींत लिफ्ट असते. फ्रान्स चौकाजवळ जुन्या तोफा मांडलेली एक मोकळी जागा आहे. लोक तिला ‘आळशांची गच्ची’ म्हणतात, कारण तेथे बसून बंदर आणि पलीकडचा स्पेन पाहत तासन्‌तास घालवणारे पुष्कळ असतात. ज्यांना फार चालवत नाही, त्यांना अशी जागा मुक्कामापासून हाकेच्या अंतरावर मिळणे हा मोठा लाभ आहे. तेथून उतरत गेले, की काही मिनिटांत ‘ग्रां सोको’ हा मोठा बाजारचौक लागतो. रिफच्या डोंगराळ भागातील स्त्रिया पट्ट्यापट्ट्यांची वस्त्रे नेसून आणि रुंद गवती टोप्या घालून या बाजारात भाजी, पुदिना आणि ताजे चीज विकायला बसतात. मदीनेचे प्रवेशद्वारही याच चौकात आहे. परतताना तोच उतार चढ होतो, एवढे मात्र लक्षात ठेवावे.

तिसरा पर्याय उपसागराच्या काठाचा. पूर्वेकडे मलाबाटापर्यंत वाळूचा किनारा, त्याला लागून सपाट रुंद पदपथ आणि मोठी आधुनिक हॉटेले आहेत. रेल्वे स्थानकही याच बाजूला आहे. 2018 पासून धावणारी ‘अल बोराक’ ही वेगवान गाडी कासाब्लांकाहून येथे सव्वादोन तासांच्या आत पोहोचते. चढउतार नाही, लिफ्ट आहे, समुद्र समोर आहे. उणीव एवढीच, की जुने शहर पाहायला प्रत्येक वेळी टॅक्सी करावी लागते. शहरात धावणाऱ्या निळ्या लहान टॅक्सीत तीनच प्रवासी बसू शकतात. पाच जणांच्या कुटुंबाला दर खेपेस दोन टॅक्सी लागतील. हिशेब करताना खोलीच्या भाड्यात हा खर्च मिळवला, तर स्वस्त वाटलेली जागा महागही पडू शकते.

आता जेवणाचा प्रश्न. ‘भाज्यांचा ताजिन’ किंवा ‘भाज्यांचे कुसकुस’ मागितले, तरी ते मांसाच्या रश्शात शिजवलेले असू शकते. ‘हरीरा’ या सूपमध्येही पुष्कळदा मांस असते. टँजियरच्या रस्त्यावर ‘कलिंते’ नावाचा पिवळा, मऊ पदार्थ मिळतो. तो हरभऱ्याच्या पिठाचा असल्याने आपलासा वाटतो, परंतु त्यात सहसा अंडे असते. सुक्या बाकळ्याच्या दाण्यांचे ‘बिसारा’ हे दाट सूप ऑलिव्ह तेल घालून देतात. ते मुळात शाकाहारी असते, मात्र त्यात लसूण असतो. कांदालसूण आणि कंदमुळे वर्ज्य असलेल्यांसाठी स्वतःचे स्वयंपाकघर हाच भरवशाचा उपाय. बाजारात ताजी भाजी, डाळी, तांदूळ, खजूर, बदाम आणि संत्री मुबलक मिळतात.

यात सूर्यास्ताचा हिशेबही येतो. जूनमध्ये टँजियरला सूर्य साडेआठनंतर मावळतो. डिसेंबरात मात्र सव्वासहाच्या सुमारास. उन्हाळ्यात बाहेरचे जेवण वेळेत होऊ शकते, हिवाळ्यात उपाहारगृहांतील रात्रीचे जेवण सुरू होण्यापूर्वीच दिवस मावळलेला असतो. रमजानच्या महिन्यात दिवसा बहुतेक खाणावळी बंद असतात. त्या दिवसांत खोलीतील चूल अधिकच उपयोगी पडते आणि रस्त्यावर उघड्यावर न खाण्याचे सौजन्यही पाळता येते. ऋतूचाही विचार व्हावा. नोव्हेंबर ते मार्च पावसाचे दिवस. जाड भिंतींच्या जुन्या घरांत तेव्हा ओल आणि गारठा जाणवतो. पूर्वेकडून येणारा ‘शर्गी’ वारा सुरू झाला, की समुद्रासमोरची गच्ची दिवसदिवस बसण्याजोगी राहत नाही आणि कधी कधी बोटीही थांबतात.

म्हणून खोली ठरवण्यापूर्वी यजमानांना थोडे प्रश्न लिहून विचारावेत. टॅक्सी दारापासून किती पावलांवर थांबते? रस्त्यापासून पलंगापर्यंत पायऱ्या किती? तळमजल्यावर खोली आणि स्नानगृह आहे का? खोलीची खिडकी बाहेर उघडते की चौकात? हिवाळ्यात खोली गरम करण्याची सोय आहे का? स्वयंपाकघर स्वतंत्र आहे की सामायिक? दर माणशी दर रात्री आकारला जाणारा पर्यटन कर भाड्यात धरला आहे का? जो यजमान पायऱ्यांची संख्या मोजून कळवतो, तो पाहुण्याची काळजी घेणारा आहे असे समजावे. बोटीचे तिकीट काढतानाही बंदराचे नाव नीट वाचावे. तारिफाहून येणारी बोट सुमारे तासाभरात शहराच्या बंदरात, मदीनेच्या पायथ्याशी लागते. अल्जेसिरासहून येणारी ‘टँजियर मेद’ या बंदरात लागते आणि ते शहरापासून चाळीसहून अधिक किलोमीटर दूर आहे.

या साऱ्याचा विचार केला, तर त्या पाच जणांसाठी फ्रान्स चौकाजवळची, लिफ्ट आणि स्वयंपाकघर असलेली सदनिका योग्य ठरते. नातवंडांची हौसही मोडत नाही. मुक्काम तीन रात्रींचा असेल, तर त्यांपैकी एक रात्र ती वडिलांबरोबर मदीनेतील एखाद्या ‘दारा’त काढू शकतात. आजी सकाळी आळशांच्या गच्चीवर बसतील, बाजारातून स्वतः भाजी निवडतील, टॅक्सीने कसब्याच्या वेशीपर्यंत जाऊन तटावरून समुद्र पाहतील आणि दिवस मावळण्यापूर्वी आपल्या हातचे जेवतील. शहर पाहिल्याचे समाधान पाचही जणांच्या वाट्याला येईल.

मदीनेच्या एका अरुंद गल्लीत इब्न बतूताची म्हणून दाखवली जाणारी लहानशी कबर आहे. हा प्रवासी पुष्कळदा मठांत, धर्मशाळांत आणि ओळखीपाळखीच्या घरी उतरला. तो बहुधा आपल्या पायांच्या बळावर मुक्काम ठरवू शकत असे. कुटुंब घेऊन निघालेल्या माणसाला ती मोकळीक नसते. त्याने घरातील सर्वांत हळू चालणाऱ्या पावलांचा अंदाज घ्यावा आणि मग खोली ठरवावी.