साथ एकच, घरे मात्र वेगळी

‘विषाणू गरीब-श्रीमंत असा भेद करीत नाही’ हे वाक्य २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये आपण सर्वांनी इतक्या वेळा ऐकले की ते खरे वाटू लागले. मुंबईच्या आकड्यांनी मात्र ते चार महिन्यांतच खोटे ठरविले. त्या वर्षी जुलैमध्ये मुंबई महानगरपालिका, निती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी दहिसर, चेंबूर व माटुंगा परिसरातील तीन प्रभागांत सुमारे सात हजार लोकांच्या रक्ताची तपासणी केली. झोपडपट्टीत राहणाऱ्यांपैकी ५७ टक्के लोकांच्या रक्तात कोरोनाची प्रतिपिंडे आढळली. त्याच प्रभागांतील इतर वस्तीत हे प्रमाण १६ टक्के होते.

झोपडपट्टीतील लोक बेफिकीर होते, असे यावर कोणी म्हणेल. आम्हांला ते मान्य नाही. दहा बाय दहाच्या खोलीत पाच-सहा माणसे राहत असतील, तर आजाऱ्याला वेगळे ठेवायचे कोठे? सार्वजनिक शौचालयाच्या रांगेत सकाळी अंतर ठेवायचे कसे? ज्याला भरपगारी रजा आहे तो ताप येताच घरी झोपतो. ज्याचे पोट हातावर आहे तो तापाची गोळी घेऊन कामावर जातो. रोग पसरण्यास एवढे पुरते. धारावीत महापालिकेने शाळा व सभागृहे ताब्यात घेऊन विलगीकरणाची सोय केली, शौचालये वारंवार निर्जंतुक केली, लोकांना जेवण पोहोचविले, तेव्हा तेथील साथ आटोक्यात आली. माणसे तीच होती. सोय नव्हती ती झाली.

त्या पाहणीतून झोपडपट्टीतील मृत्यूचे प्रमाण कमी असल्याचेही दिसले, हे नमूद केले पाहिजे. तेथील लोकसंख्या तरुण आहे, हे त्याचे एक संभाव्य कारण. घरीच झालेले मृत्यू नोंदीत नीट आले का, हा प्रश्न मात्र उरतोच.

तरुण वयाचा असा आधार १९१८ च्या इन्फ्ल्युएंझात नव्हता, कारण तो रोग तरुणांनाच अधिक मारीत होता. त्या वेळी मुंबईत दर हजारी युरोपियनांमागे सुमारे ८, पारशांमागे ९, भारतीय ख्रिस्ती लोकांमागे १८, तर ‘खालच्या’ म्हणून नोंदलेल्या हिंदू जातींमागे ६१ हून अधिक मृत्यू झाले. शहर एक, हवा एक. घर, अन्न आणि शुश्रूषा तेवढी वेगळी.

रोगाने न मेलेल्यांचाही हिशेब असतो. ८ मे २०२० रोजी जालन्याहून गावी पायी निघालेले १६ मजूर औरंगाबादजवळ रुळांवर झोपले असता मालगाडीखाली सापडले. त्यांची नोंद कोरोनाच्या मृत्यूंत नाही.

लसीच्या बाबतीतही हेच घडले. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयोगटाचे लसीकरण खुले झाले, पण नोंदणी संगणकावर किंवा फोनवर करणे सक्तीचे होते. इंटरनेट व सवड असलेल्यांनी वेळा पटकाविल्या. काही शहरवासी तर दूरच्या खेड्यांतील केंद्रांवर मोटारीने जाऊन लस घेऊन आले आणि त्या गावचे लोक दारात उभे राहिले. सरकारी केंद्रांवर थेट येऊन नोंदणी करण्याची मुभा २४ मे रोजी मिळाली. केंद्राकडून सर्व प्रौढांना मोफत लस मिळू लागली ती २१ जूनपासून. तोवर दुसरी लाट ओसरू लागली होती.