मिटलेली कळी विकत घेऊ नका

आषाढ सरत आला आहे. पाऊस जरा उघडून उन्हाची तिरीप पडू लागली की सिंधुदुर्गात आणि गोव्यात रस्त्याच्या कडेला सागाच्या पानांचे पुडे मांडले जातील. बांदा, सावंतवाडी, म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, बाणस्तारी, फोंडा. मोटारी कचकन थांबतील, काचा खाली होतील आणि फारशी घासाघीस न करता पुडे उचलले जातील. आत असतील रोवणावरची, म्हणजे वारुळावरची, अळंबी. या सगळ्या गिऱ्हाइकांना एक विनंती आहे. पैसे काढण्याआधी पुडा सोडून बघा. आत टोकदार, मिटलेल्या कळ्या असतील तर तो खाली ठेवा. छत्र्या उघडलेल्या असतील तर जरूर घ्या, आणि कळीला दिला असता तोच भाव त्यांना द्या.

विनंती उफराटी वाटेल, कारण बाजारात मान कळीलाच आहे. गेल्या पावसाळ्यात घाटाखालच्या एका तिठ्यावर एक काकी अळंबी घेऊन बसल्या होत्या. पुढ्यात बोटभर लांबीच्या, लाल माती चिकटलेल्या कळ्या शंभर-शंभरच्या हिशेबाने बांधलेल्या. शंभराचा भाव हजाराच्या वर. पाटीच्या तळाशी दहा-बारा उमललेली अळंबी होती, कडा फाटलेली, ती त्यांनी घरी न्यायला ठेवली होती. "हीच द्या की काकी," म्हटलं तर त्या हसल्या. "उघाडलेली कोन घेता? गिराईक कळीच मागता." म्हणजे कळी तोडायची हे रानात ठरत नाही, ते आपल्या पिशवीत ठरतं.

कळी मागण्यामागे कारणं आहेत. ती दोन दिवस टिकते, धुवायला सोपी पडते, तिच्यात किडे शिरलेले नसतात, दाताखाली घट्ट लागते. पण चवीत ती सरस आहे हा निव्वळ समज आहे. भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याच्या वाटपात उमललेली अळंबी टाकून बघा. श्रावणात मासळी बंद असताना याहून चांगलं कालवण कोकणात होत नाही, असं माझं ठाम मत आहे.

आता कळीत काय अडकलेलं आहे ते बघू. हे अळंबं इतर अळंब्यांसारखं कुजक्या ओंडक्यावर आपसूक उगवणारं नव्हे. त्याचं शास्त्रीय नाव टर्मिटोमायसिस. रॉजे आइम या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1942मध्ये या कुळाला ते दिलं. जमिनीखाली वाळवी या बुरशीची शेती करते. वाळलेली पानं, काटक्या, लाकूड चावून ती बिळात आणते आणि त्याचे करड्या रंगाचे, छिद्राछिद्रांचे, हाताने चुरगळतील असे गोळे रचते. त्या गोळ्यांवर बुरशी पसरते, लाकडातला न पचणारा भाग पचण्याजोगा करते, आणि तिच्यावर धरणारे साबुदाण्याहून बारीक पांढरे दाणे वाळवी खाते. पावसाळ्यात जमीन पुरती भिजली की याच गोळ्यांतून देठ वर निघतो. तो कधी कधी हातभर माती भेदून येतो, म्हणूनच कळीचं टोक इतकं कडक आणि अणकुचीदार असतं. वर आल्यावर दिवसा-दोन दिवसांत छत्री उघडते, खालच्या पाकळ्यांतून बीजाणू झडू लागतात, आणि लगेच अळ्या पडून ती सडते. एवढंच तिचं आयुष्य.

या आयुष्याला वाळवीच्या पंचांगाची जोड आहे. पहिल्या पावसात संध्याकाळी दिव्याभोवती जी पंखवाली वाळवी जमते, ती नवी वारुळं मांडायला निघालेली असते. नर-मादीची जोडी पंख टाकते, जमिनीत शिरते आणि भोक बुजवून घेते. आपल्याकडच्या ओडोंटोटर्मिस जातीच्या वाळवीत ही जोडी माहेरच्या वारुळातून बुरशी घेऊन जात नाही. त्यांच्या पोटची पहिली कामकरी पिढी काही आठवड्यांनी बाहेर पडते, आसपासचा पालापाचोळा गोळा करते, आणि त्या पाचोळ्यावर पडलेले बीजाणू पोटातून घरात नेते. तिथून नव्या वारुळाची शेती सुरू होते. बीजाणू मिळाले नाहीत तर शेती नाही, आणि शेती नाही तर ते नवं घर उपाशी मरतं.

म्हणजे एखाद्या परिसरातल्या सगळ्या कळ्या उमलण्याआधीच बाजारात गेल्या, तर आपण पेरणीच्या तोंडावर कणगीतलं बियाणं दळून खाल्ल्यासारखं होतं. ही गोष्ट चटकन लक्षात येत नाही, कारण जुन्या वारुळाला तात्काळ काही होत नाही. त्याच्या पोटात बुरशी शाबूत असते आणि ते पुढच्या श्रावणातही अळंबी देतं. म्हणून गावात कोणालाही विचारा, उत्तर येतं, "आजोबांच्या वेळेपासून याच रोवणावर येतात, काय झालं?" आजोबांच्या वेळचं रोवण आहे हे खरं, पण त्याच्या शेजारी नवं कोणतं उभं राहिलं, हा प्रश्न कोणी विचारत नाही. वारूळही कधीतरी म्हातारं होऊन मरतं. ते मरेल त्या वर्षी हे सगळं एकदम ध्यानात येईल, आणि तेव्हा करण्यासारखं फारसं उरलेलं नसेल.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो वाजवी आहे. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी एकाच जंगलात 29 वर्षं अळंबी तोडून पाहिली आणि 2006मध्ये निष्कर्ष छापला: तोडण्याने पुढच्या वर्षांची अळंबी घटली नाहीत, पायांखाली जमीन तुडवल्याने मात्र ती कमी उगवली. मग आपण एवढा आरडाओरडा का करायचा? कारण तिथे छोट्याशा आखलेल्या तुकड्यातली अळंबी तोडली होती आणि भोवतालच्या रानातून बीजाणू येतच होते. शिवाय त्या बुरशीला नवं घर मांडायला कोण्या किड्याची वाट बघावी लागत नाही. आपल्याकडे अख्ख्या टेकडीवरची, पहाटे विजेरी घेऊन, एकही न सोडता वेचली जातात. काही ठिकाणी तर देठासकट मुळाचा भाग मिळावा म्हणून कुदळ चालते आणि खालचे बुरशीचे गोळेच फुटतात. गोव्यातले बुरशीतज्ज्ञ डॉ. नंदकुमार कामत ही ओरबाड थांबवा म्हणून कित्येक वर्षं कंठशोष करत आले आहेत. त्यांचं म्हणणं बातमीत येतं, आणि त्याच बातमीशेजारी अळंब्यांचा भाव किती चढला याची चौकट असते.

या आवाहनाचा रोख अळंबी वेचणाऱ्यांवर नाही, हे इथेच सांगून टाकतो. भातलावणी आटोपली की हातात पैसा नसतो, पोरांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च उभा असतो, चतुर्थी तोंडावर असते. अशा वेळी दोन-तीन आठवडे हाती रोख पैसा देणारं दुसरं काही रानात नाही. ही कमाई बुडवा म्हणणारा माणूस कधी पाटी घेऊन पावसात फिरलेला नसतो. म्हादई, नेत्रावळी, खोतीगावसारख्या अभयारण्यांतून काहीही तोडून आणणं 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे आणि तिथे जाऊ नका, हे सांगायलाच हवं. पण अभयारण्याबाहेरच्या बागायतीत, कुळागरात, गावच्या डोंगरावर दंडुक्याचा उपयोग नाही. तिथे गावाचा नियम लागतो.

असा नियम करायची सोय कायद्यात आहे. 2002च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतींमध्ये जैवविविधता व्यवस्थापन समित्या नेमायच्या आहेत आणि लोक जैवविविधता नोंदवही करायची आहे. बहुतेक गावांत ही वही म्हणजे कपाटातली एक बांधीव प्रत. ती बाहेर काढा आणि तिच्यात गावातली अळंब्यांची रोवणं लिहा: कोणाच्या जमिनीत, कोणत्या सुमारास येतात, कोण वेचतं. व्यापारासाठी गावच्या हद्दीतून अशी जैविक संपत्ती नेणाऱ्यांकडून शुल्क घेण्याचा अधिकार या समित्यांना दिलेला आहे. शहरातून मोटार घेऊन येणारा दलाल अख्ख्या गावाची अळंबी पहाटे उचलून नेतो आणि पावती फाटत नाही, हे कायद्याचं नव्हे, आपलं अपयश.

गाव एकत्र बसलं तर काय करू शकतं हे चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने दाखवलं आहे. सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तिथल्या ग्रामसभेने तेंदूपानांचं संकलनच बंद केलं; पानांसाठी झाडं छाटली जातात, रानाला आगी लावल्या जातात, म्हणून. हातातोंडाशी आलेली कमाई सोडून त्यांनी बांबूवर गाव उभं केलं. अळंब्यांच्या बाबतीत तर कमाई सोडायचीही गरज नाही, एक-दोन दिवस थांबायचं आहे. गोंदिया, भंडारा, गडचिरोलीच्या बाजारांत पावसाळ्यात याच कुळातल्या सात्या येतात आणि चढ्या भावाने जातात. ज्या ग्रामसभांच्या हाती वनहक्काचा कागद आहे, त्यांनी सात्यांचा नियम यंदाच लिहून काढावा.

नियम कसा असावा? प्रत्येक गावाने आपला ठरवावा, पण माझ्या मते त्यात दोन गोष्टींना तडजोड नको. उमलल्याशिवाय तोडायचं नाही, आणि लोखंड लावायचं नाही. हाताने हलकेच पिळून उपटलं तर देठ येतो आणि खालचा गोळा जागच्या जागी राहतो. त्यापलीकडे, प्रत्येक रोवणावरची चार आण्यांइतकी अळंबी न तोडता तशीच सडू द्यावीत. घरी आणलेली अळंबी धुतलेलं पाणी मोरीत न सोडता परसातल्या झाडाखाली, पाचोळ्यावर ओतावं. फुकटचं काम आहे, बीजाणू तेवढे रानाला परत. आणि भाव? तो ठरवायचा असेल तर गावातल्या बायकांच्या बचतगटाने एकाच ठिकाणी मांडून ठरवावा. दहा जणी दहा तिठ्यांवर बसल्या की मोटारवाला एकीला दुसरीशी खेळवतो. सगळ्यांकडे उमललेलीच मिळतात म्हटल्यावर गिऱ्हाईक ती घेईल, नाही घेऊन सांगतो कोणाला!

मात्र रोवणच उरलं नाही तर या नियमांना अर्थ नाही, आणि रोवणं झपाट्याने जात आहेत. दोडामार्गात, सावंतवाडीत डोंगर उघडे करून रबर आणि अननस लावले गेले. भूखंड पाडायला जेसीबी फिरतो तेव्हा पहिलं वारूळ सपाट होतं. बागेत वाळवी दिसली की दुकानदार विषाची बाटली हातात देतो. यामागे काजू-आंब्याचं जिवंत झाड वाळवी खाते अशी भीती असते. बुरशी पिकवणारी वाळवी मुख्यतः मेलेल्या लाकडावर आणि सुकलेल्या सालीवर जगते, शिवाय जमीन पोखरून पाणी मुरवते. जिथे खरोखर कलमं धोक्यात आहेत तिथे बंदोबस्त करा, पण बांधावरच्या, रानकडेच्या रोवणात विष ओतू नका. सातेरीला वारुळाच्या रूपात पुजणारा हा मुलूख. गाभाऱ्यातल्या रोवणाला ओटी भरायची आणि परड्यातल्या रोवणात औषध सोडायचं, हे आपण एकाच हाताने करतो.

हॉटेलवाल्यांसाठी वेगळं सांगतो. श्रावणात 'रानटी अळंबी स्पेशल' असा फलक लावून तुम्ही किलोंनी कळ्या उचलता. तुमची गरज बारमाही आहे, रानाची देणगी तीन आठवड्यांची. तुम्हाला धिंगरी अळंबी आहे. ती भाताच्या पेंढ्यावर, एका खोलीत, गावातल्या कोणालाही पिकवता येते आणि तिचं शिक्षण कृषी विद्यापीठांतून मिळतं. रोवणावरचं अळंबं वाळवीशिवाय पिकवून बाजारात आणणं अजून कोणाला साधलेलं नाही. एखाद्या आठवड्यात उमललेली अळंबी गावच्या गटाकडून चढ्या भावाने घ्या आणि ताटाच्या कागदावर गावाचं नाव छापा. बाकी वर्षभर धिंगरी घ्या, त्यातही त्याच गावाला काम मिळेल.

एक इशारा राहिला. हे वाचून कोणी हौसेने रानात जाऊन दिसेल ती छत्री तोडू नये. विषारी अळंबी याच दिवसांत उगवतात. त्यांतली काही खाल्ल्यावर कित्येक तास काहीच होत नाही आणि मग यकृत निकामी होतं. लसूण काळी पडली तर विषारी, चांदीचं नाणं काळवंडलं तर विषारी, या सगळ्या परीक्षा खोट्या आहेत. जाणत्या वेचणारणीकडूनच घ्या. त्या जाणतेपणाचा मोबदला भावात धरा.

महाराष्ट्रात 15 ऑगस्टला ग्रामसभा होते. अळंब्यांचा हंगाम तेव्हा ऐन भरात असतो. आपल्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याला आजच लेखी पत्र द्या, विषयपत्रिकेवर 'गावच्या हद्दीतील अळंबी : तोडणी, विक्री व शुल्क' हा विषय मागा, आणि त्या पत्राची पोच घ्या. सभेला वेचणाऱ्या बायकांना पुढे बसवा. रोवणं कुठे आहेत हे त्यांनाच ठाऊक आहे. गोव्यातल्या वाचकांनी आपल्या पंचायतीत हेच करावं. शहरात राहणाऱ्यांना ग्रामसभा नाही, पण पुडा सोडून बघायला हात आहेत. आत कळ्या निघाल्या तर काकींना सांगा, "परवा येतो, उमललेली ठेवा." आणि परवा खरंच जा.