फक्त अंतरच तर सांगतो!

परवा एक मित्र म्हणाला, "डेटिंग अ‍ॅप पत्ता थोडीच सांगतं? फक्त अंतरच तर सांगतं!" मित्र स्वतः प्रोग्रामर. काय बोलणार?

बेलापूरजवळच्या दिवाळे गावात राहणारी एखादी मुलगी धरा. मी घरबसल्या अ‍ॅपला खोटं जीपीएस देतो: मी सीवूड्सला आहे. अंतर येतं. मग म्हणतो खारघरला आहे, मग उलव्याला. नकाशावर तीन वर्तुळं काढली की ती जिथे मिळतात तिथे तिचं घर. संपलं! शाळेतली भूमिती, दुसरं काही नाही.

हे खरंच घडलंय. २०१३ मध्ये टिंडर स्क्रीनवर गोल आकडा दाखवत होतं, पण सर्व्हर फोनला अगदी बारीक दशांशापर्यंत अंतर पाठवत होता. बरं, सर्व्हरवरच गोल केलं की झालं? तेही नाही. २०२४ मध्ये बेल्जियमच्या लुवेन विद्यापीठातल्या संशोधकांनी १५ अ‍ॅप्स तपासली. त्यातल्या ६ अ‍ॅप्समधून जवळजवळ नेमकं ठिकाण काढता आलं. बम्बल, हिंज, ग्राइंडर अशी बडी नावं होती त्यात. त्यातल्या बऱ्याच अ‍ॅप्सवर चालणारी युक्ती साधी. अंतराचा फिल्टर लावायचा आणि आपलं खोटं ठिकाण थोडं थोडं सरकवायचं. ती यादीतून गायब झाली की वर्तुळाची कड सापडली. कळवल्यावर बहुतेक कंपन्यांनी दुरुस्त्या केल्या. म्हणजे आधीही करता आल्या असत्या!

उपाय काही रॉकेट सायन्स नाही. आधी माणसाचं ठिकाण एका ढोबळ चौकोनात बसवा, मग अंतर मोजा. आपण नेमकं उलटं करतो. आणि चौकोन किलोमीटरवर नको, माणसांवर ठरवा. दिवाळे गावात एक किलोमीटरचा चौकोन घेतला तर बराचसा भाग खाडीतच जायचा. उरलेल्या गल्ल्यांत फोटो दाखवला की कुणीही घर दाखवेल.

एवढं झाल्यावर सल्ला कोणाला? मुलीलाच! "जपून राहा, लोकेशन बंद ठेव." समलिंगी मुलांचंही तेच. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना ३७७ च्या भीतीतून सोडवलं, पण दारात येऊन उभ्या राहिलेल्या ब्लॅकमेलरपासून कोण सोडवणार? पाठलाग हा गुन्हा आहे, मान्य. पण पोलीस येणार तो घडल्यावर.

असो. सोमवारी ऑफिसला गेलात की एवढंच बघा: तुमचा सर्व्हर आधी गोल करतो की आधी मोजतो? आधी मोजत असेल, तर कृपा करून "जपून राहा" म्हणू नका. जपायचं काम तुमचं होतं.