मात्रा बदलल्यानंतरचे सहा आठवडे

परंडा तालुक्यातील थायरॉईडच्या रुग्णास तज्ज्ञांचा सल्ला घेण्यासाठी बहुधा बार्शी किंवा सोलापूर गाठावे लागते. परतल्यावर मात्र तो आपल्याच दवाखान्यात येतो आणि गोळी गावातील औषधालयातून घेतो. म्हणूनच लेव्होथायरॉक्झिनची मात्रा बदलल्यानंतरचा काळ सांभाळणे हे वैद्य व औषधविक्रेते या दोघांचेही कर्तव्य ठरते, असे आम्ही मानतो.

रक्तातील थायरॉक्झिन निम्मे होण्यास सुमारे सात दिवस लागतात. त्यामुळे ५० मायक्रोग्रॅमऐवजी ७५ ची गोळी सुरू केली, तरी टी.एस.एच. स्थिरावण्यास सहा ते आठ आठवडे जातात. पंधरा दिवसांत थकवा व मलावष्टंभ हटला नाही की रुग्ण अधीर होतो आणि आपलाही हात कांचनार गुग्गुळ वा अश्वगंधेकडे वळतो. आमचे स्पष्ट मत असे की, या काळात थायरॉईडसाठी नवे औषध जोडू नये. अश्वगंधेने थायरॉईडची संप्रेरके वाढल्याचे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत दिसले आहे. मग अहवाल सुधारला तो गोळीने की चूर्णाने, हे कसे ठरणार? त्यावरून पुढची मात्रा चुकीची ठरू शकते. आणि मात्रा अधिक झाल्यास वृद्धांत हृद्गती अनियमित होते, अस्थिक्षय होतो.

सुश्रुतांनी दहा औषधकाल सांगितले आहेत. या गोळीचा काल अभक्त होय: सकाळी रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर, चहा-न्याहारी त्यानंतर अर्ध्या ते एक तासाने. लोह व कॅल्शियम तिचे शोषण घटवतात. तेव्हा लोह-मंडूराचे आणि शंख-प्रवाळाचे कल्प चार तासांच्या अंतरानेच द्यावेत. इसबगोलही त्या वेळी टाळावा.

आपल्या चिकित्सेने गोळी सुटावी, अशी काही वैद्यबंधूंची इच्छा असते. सौम्य विकारात टी.एस.एच. काही वेळा आपोआपही पूर्ववत होतो, हे खरे. परंतु शस्त्रक्रियेने संपूर्ण ग्रंथी काढलेल्या रुग्णास हे संप्रेरक जन्मभर बाहेरूनच मिळावे लागते. गर्भिणीची तर गरज वाढते. निम्मी गर्भावस्था उलटेपर्यंत तिची तपासणी दर चार आठवड्यांनी व्हावयास हवी. बरे वाटले म्हणून गोळी थांबवण्याचा सल्ला देणे हे शास्त्राचे भूषण नव्हे. मात्रा कमी करावयाची ती तपासणी करून, उपचार करणाऱ्या तज्ज्ञांच्या संमतीनेच.

औषधविक्रेत्यांनाही आमची विनंती आहे. उष्णता, प्रकाश व ओलावा यांनी ही गोळी निकृष्ट होते आणि मराठवाड्याचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो. पत्र्याखालच्या तापलेल्या फळीवर तिचा साठा ठेवू नये. बाटलीतील गोळ्या कागदाच्या पुडीत सुट्या देऊ नयेत. २५ व ७५ यांची अदलाबदल होऊ देऊ नये. कंपनी बदलून देणे भाग पडले, तर रुग्णास तसे सांगावे.

दिवाळीच्या सुमारास या भागातील अनेक कुटुंबे ऊसतोडीस जातात आणि फेरतपासणी राहून जाते. त्यावर साधा उपाय आहे. जुनी मात्रा, नवी मात्रा, बदलाची तारीख व पुढील तपासणीची तारीख या चार गोष्टी वैद्यांनी चिठ्ठीवर मराठीत लिहाव्यात आणि विक्रेत्यांनी गोळी देताना वाचून दाखवाव्यात. रुग्ण कोणत्याही गावी गेला, तरी तेथील चिकित्सकास त्या चिठ्ठीचा आधार मिळेल.