फळा बदलला, भाषा कोणाची?

सीमाभागातील एका मराठी प्राथमिक शाळेत काही महिन्यांपूर्वी जाण्याचा योग आला. निमित्त होते ‘स्मार्ट क्लास’च्या उद्घाटनाचे. भिंतीवर मोठा पडदा, छताला प्रोजेक्टर, कोपऱ्यात संगणक. फीत कापली गेली, नारळ फुटला, हारतुरे झाले आणि सहावीच्या मुलांसमोर विज्ञानाचा पहिला धडा सुरू झाला. वनस्पती आपले अन्न कसे तयार करतात, हा त्याचा विषय. चित्रे सुरेख होती, रंग डोळ्यांत भरणारे होते; पण पडद्यातून येणारा आवाज कन्नड होता. वर्गाच्या बाई पडद्याशेजारी उभ्या राहून एकेक वाक्य मराठीत सांगत होत्या. त्यांचे वाक्य पुरे होण्याआधी पडद्यावरील पुढचे वाक्य सुरू होई. पडदा ‘द्युतिसंश्लेषणे’ म्हणत होता, मुलांना ‘प्रकाशसंश्लेषण’ ठाऊक होते. एका मुलीने हात वर करून विचारले, “बाई, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत का?” बाई म्हणाल्या, “नाही गं, एकच.” व्यासपीठावरील पाहुण्यांना हा प्रश्न बहुधा ऐकू गेला नसावा. आम्हाला मात्र तो घरी येईपर्यंत सोडीना.

आरंभीच दोन गोष्टी स्पष्ट करतो. आमचा विरोध तंत्रज्ञानाला नाही. हृदयाचे कार्य, ग्रहणाचा खेळ, अणूची रचना या गोष्टी खडूने काढलेल्या आकृतीपेक्षा हलत्या चित्रातून अधिक लवकर कळतात, हे नाकारण्याचे कारण नाही. आमचा विरोध कन्नडलाही नाही. कन्नड आमच्या शेजारची, बाजारातली आणि कित्येकांच्या नात्यागोत्यातली भाषा आहे. ती आमच्या मुलांनी चांगली शिकावी, भाषेच्या तासाला शिकावी. परंतु विज्ञानाच्या तासाला विज्ञान समजावे की भाषेशी झुंजावे, हा प्रश्न वेगळा आहे, आणि तो विचारला की आमच्यावर भाषाद्वेषाचा शिक्का मारून विषय बंद केला जातो. तो बंद होऊ द्यायचा नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम कायदा पाहू. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली आणि त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने संविधानात अनुच्छेद ३५०-अ आला. भाषिक अल्पसंख्य समाजांतील मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी मिळाव्यात, यासाठी प्रत्येक राज्याने आणि राज्यातील प्रत्येक स्थानिक प्राधिकरणाने प्रयत्नशील राहावे, असा त्याचा आशय आहे. यातील ‘स्थानिक प्राधिकरण’ हे शब्द आपण नेहमी विसरतो. महानगरपालिका आणि ग्रामपंचायतही या कर्तव्यातून सुटत नाहीत. शाळेत पडदा बसविण्याचा निधी त्यांच्या हातून जात असेल, तर पडद्यावरील भाषेचा प्रश्नही त्यांच्याच दारी जातो.

वकिली प्रामाणिकपणाने हेही सांगितले पाहिजे की या अनुच्छेदाची भाषा ‘प्रयत्नशील राहावे’ अशी आहे. न्यायालयात उभे राहून उद्या सकाळी अमुक पाठ मराठीत द्या, असा हुकूम मिळविणे सोपे नाही. पण २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २९ मध्येही शिक्षणाचे माध्यम व्यवहार्य असेल तेथवर मुलाची मातृभाषा असावे, असे तत्त्व घातलेले आहे. आणि ६ मे २०१४ रोजी, कर्नाटक राज्याच्याच माध्यमविषयक प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मुलाची मातृभाषा कोणती हे पालकांनी ठरवायचे असल्याचे स्पष्ट केले. म्हणजे मूल मराठी आहे हे आम्ही ठरवायचे, सोय ‘पुरेशी’ करण्याचे कर्तव्य शासनाचे, आणि ‘व्यवहार्य’ काय याची कसोटी काळाप्रमाणे बदलणारी. आमचा सगळा युक्तिवाद या शेवटच्या शब्दावर उभा आहे.

ऑगस्ट १९४९ मध्ये प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांची परिषद झाली. अल्पसंख्य भाषेची ४० मुले शाळेत किंवा १० मुले एका वर्गात असतील, तर त्या भाषेतून शिकविणारा शिक्षक द्यावा, असे सूत्र तेथे ठरले आणि १९५६ च्या अल्पसंख्याकांच्या संरक्षणविषयक निवेदनात ते पुढे आले. त्या काळी हे सूत्र योग्यच होते. शिक्षकाचा पगार, पुस्तकाची छपाई, वर्गखोली या सर्वांना मुलांच्या संख्येचे गणित लागते. दहा मुलांसाठी पुस्तक छापणे शासनाला महाग पडे.

आता डिजिटल पाठाचे गणित पाहा. मराठीतील एक पाठ एकदा तयार झाला की तो दहा मुलांनी पाहिला काय आणि दहा लाखांनी पाहिला काय, प्रतीचा खर्च जवळजवळ शून्य. चित्र तेच, हालचाल तीच. बदलायचा असतो तो आवाज आणि अक्षरे. ‘मुले थोडी आहेत’ ही सबब कागदाच्या युगात टिकत होती, पडद्याच्या युगात ती टिकत नाही. तंत्रज्ञानाने अल्पसंख्य भाषेच्या मार्गातील सर्वांत मोठा अडथळा दूर केला आणि नेमक्या त्याच वेळी तंत्रज्ञानाच्या नावाखाली तिला वर्गातून बाहेर काढले जात आहे. याला योगायोग म्हणावे की सोयीस्कर विस्मरण, ते वाचकांनीच ठरवावे.

‘मराठी साहित्य उपलब्धच नाही’ हे दुसरे उत्तर आम्हाला ऐकविले जाते. ते खरे नाही. बालभारतीची पुस्तके कोणालाही महाजालावर पाहता येतात. ‘दीक्षा’ हा राष्ट्रीय मंच २०१७ साली सुरू झाला. तेथे मंडळ, माध्यम आणि इयत्ता निवडली की त्यानुसार साहित्य समोर येते. कर्नाटकाची पाठ्यपुस्तक संस्थाही मराठी माध्यमाची पुस्तके छापते. म्हणजे एका बाजूला कर्नाटकाच्या अभ्यासक्रमाचे मराठी पुस्तक आहे, दुसऱ्या बाजूला महाराष्ट्रात तयार झालेले मराठी दृकश्राव्य पाठ आहेत. अपूर्णांक दोन्हीकडे सारखेच आहेत, लसावि-मसावि दोन्हीकडे तेच आहेत, पानांच्या रंध्रांनी राज्याची सीमा पाहिलेली नाही. या धड्याला तो पाठ लागू पडतो, एवढी जोडणी करणारी सूची हवी. चार अनुभवी शिक्षकांनी उन्हाळ्याच्या सुटीत बसून आरंभ करावा, इतक्या आवाक्यातले हे काम आहे.

आणि हे घडू शकते याचा दाखला परदेशात शोधावा लागत नाही. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पुस्तकांत क्यूआर कोड बसविण्याच्या त्यांच्या प्रयोगाची चर्चा सर्वत्र झाली. पण पुरस्काराच्या वेळी जाहीर झालेल्या माहितीतील एक बाब आपल्याकडे फारशी बोलली गेली नाही. त्या शाळेतील मुलींची भाषा कन्नड होती. डिसले गुरुजी कन्नड शिकले आणि त्यांनी मुलींसाठी पाठ त्यांच्या मातृभाषेत नेले. महाराष्ट्रातील मराठी शिक्षकाने कन्नड मुलींसाठी केलेल्या कामाला जगाने मान दिला. त्याबद्दल आम्हाला अभिमान वाटतो; आणि अभिमान वाटतो म्हणूनच आम्ही विचारतो, तोच न्याय सीमेच्या या बाजूला मराठी मुलांना का नसावा? शिवाय हा न्याय दुहेरी आहे. जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापुरातील कन्नड शाळांमध्ये मराठी पडदा लावून तेथील मुलांची अशीच कोंडी होत असेल, तर तिच्याविरुद्धही आम्ही याच शब्दांत लिहू.

आता भाषेच्या अंगाने थोडे. आज्ञावली देवनागरी दाखविते म्हणजे ती मराठी जाणते असे नव्हे. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतील भेद ज्याला दाखविता येत नाही, त्याने गुरूला स्वयंपाकघरात पाठविले असे समजावे. यंत्राचा वाचक आवाज हिंदीच्या वळणावर बेतलेला असेल, तर त्याला ‘च’ आणि ‘ज’ यांचे मराठीतील दुहेरी उच्चार कळत नाहीत. मराठीत ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा. लिहिण्यात एक, बोलण्यात दोन. ‘चार’ हा आकडा वेगळा आणि गुरांना ‘चार’ म्हणणे वेगळे. पहिली-दुसरीतले मूल उच्चार कानाने शिकते. त्याच्या कानावर रोज चुकीचे मराठी पडत राहिले, तर उद्या ते स्वतःच्या आजीचे बोलणे अशुद्ध समजेल. तेव्हा आपली मागणी ‘काहीतरी मराठीत द्या’ एवढी ढिली असून चालणार नाही. शुद्ध अक्षर, शुद्ध उच्चार आणि पुस्तकाशी जुळणारी परिभाषा, या तिन्ही गोष्टी लेखी मागाव्या लागतील.

आणखी एक धोका आहे आणि तो अधिक गोड दिसतो. ‘मराठी शिक्षक मिळत नाही, तर पडदा घ्या’ असे उद्या सांगितले जाईल. त्याला आम्ही आजच नकार नोंदवितो. युनेस्कोच्या २०२३ च्या शिक्षणविषयक जागतिक अहवालाचा विषयच तंत्रज्ञान हा होता आणि हे साधन कोणाच्या अटींवर वापरायचे, असा प्रश्न त्याच्या शीर्षकातच विचारलेला आहे. तंत्रज्ञानाने शिक्षकाला साह्य करावे, त्याची जागा घेऊ नये, हे त्याचे सार. त्या सहावीच्या वर्गात मुलीचा प्रश्न बाईंनी ऐकला, पडद्याने नाही. बाई नसत्या तर ती मुलगी दोन शब्दांच्या मध्ये उभी राहिली असती. रिक्त पदावर शिक्षक आणि त्या शिक्षकाच्या हाती मराठी पाठ, अशी आमची जोडमागणी आहे. तीतला अर्धा भाग देऊन अर्धा बुडवू नये.

शासनाला एवढे ऐकविल्यावर आपल्या घराकडेही पाहिले पाहिजे. माजी विद्यार्थी आणि देणगीदार प्रोजेक्टर देतात, फोटो काढतात, निघून जातात. दिवा जळला, वायर उंदराने कुरतडली, वीज बिल थकले, की यंत्रावर कापड पडते आणि त्यावर धूळ. यंत्र देण्याइतकेच ते चालू ठेवणे महत्त्वाचे असते. पण देखभालीच्या खर्चाला पाटी लागत नाही, म्हणून देणगीदार मिळत नाही. आपण सभेत मराठीचा जयघोष करतो आणि भ्रमणध्वनीवर मराठी रोमन अक्षरांत लिहितो. मोर्चात पुढे असणाऱ्या आमच्यापैकी कित्येकांची नातवंडे इंग्रजी शाळेत आहेत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आम्ही पेढे वाटले. त्या पेढ्यांच्या खर्चात एका शाळेचे वर्षाचे इंटरनेट भागले असते, हा हिशेब आम्हीही तेव्हा केला नाही, हे कबूल करतो.

हा प्रश्न केवळ बेळगाव, खानापूर, निपाणीचा नाही. गोव्यात १९८७ च्या राजभाषा कायद्याने मराठीला शासकीय वापराचे स्थान दिले असले, तरी प्राथमिक शाळा टिकते ती वर्गातील साधनांवर. बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ साली संस्थानभर मोफत व सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केले, हैदराबादेत १९०७ साली विवेकवर्धिनी उभी राहिली. त्या पिढ्यांपाशी पडदे नव्हते, इच्छा होती. आज इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील घरांत मराठी बोलणारी मुले आहेत. मराठी शिकविणारी शाळा हाकेच्या अंतरावर असेलच असे नाही. बेळगावात तयार झालेली सूची त्यांनाही उपयोगी पडेल, त्यांनी ध्वनिमुद्रित केलेला पाठ येथे वाजेल. विखुरलेल्या समाजाला जोडणारे असे साधन आपल्या हाती यापूर्वी कधी आले नव्हते.

तेव्हा कृती काय करावी, ते सांगून थांबतो. ज्यांचे मूल मराठी शाळेत आहे त्यांनी मुख्याध्यापकांना भेटून एवढेच विचारावे: वर्गातील पडद्यावर मराठी माध्यमाचे पाठ किती आणि कोणत्या विषयांचे? उत्तर समाधानकारक नसेल, तर शिक्षणाधिकाऱ्यांना लेखी तक्रार द्यावी. ती मराठीत द्यावी. संविधानाच्या अनुच्छेद ३५० अन्वये गाऱ्हाण्याच्या निवारणासाठीचे निवेदन संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. मात्र माहितीच्या अधिकारातील अर्जाचा नियम निराळा आहे. तो इंग्रजी, हिंदी किंवा त्या क्षेत्राच्या राजभाषेत करावा लागतो. भाषेचे कारण दाखवून अर्ज परत येऊ नये म्हणून हा भेद ध्यानी ठेवावा. सामान्यतः ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. प्रत्येक तक्रारीची एक प्रत अनुच्छेद ३५०-ब खालील भाषिक अल्पसंख्याकांच्या आयुक्तांकडे जावी. निवृत्त शिक्षकांनी सूचीचे काम हाती घ्यावे, तरुणांनी महिन्यातून एक दिवस यंत्रे तपासावीत.

२००४ सालापासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. त्या वर्षी पहिलीत गेलेली मुले आज नोकरीधंद्याला लागली आहेत; त्यांचे प्राथमिक शिक्षण निकालाची वाट पाहत थांबले नाही. सहावीतल्या त्या मुलीचेही थांबणार नाही. पुढच्या जूनमध्ये ती सातवीत जाईल, आणि पडदा तिच्याशी कोणत्या भाषेत बोलेल हे आपण या वर्षी किती कागद लिहितो यावर ठरेल.